ओहोळाच्या उजेडात काढलेले डोळे

आमच्या सासऱ्यांच्या घरी वीज मी आणली. खांब सरकारचे होते, ताराही सरकारच्या. पण आषाढ लागला की वीज जी रजेवर जायची ती दसऱ्याच्या आसपास उगवायची. पेणहून डोंगराकडे आत शिरलेलं ते गाव. आणि नेमक्या त्याच दिवसांत सासऱ्यांना उजेड हवा असायचा, कारण ते गणपतीचे डोळे आखायचे. फक्त डोळे. हमरापूरहून रंगवलेल्या मूर्ती टेम्पोने यायच्या, डोळ्यांच्या जागी कोऱ्या. सासरे त्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवत आणि एकेक वळवून घेत. दोन्ही डोळे एका दमात. श्वास रोखायचा, कुंचला टेकवायचा, दुसरी पापणी पुरी झाली की श्वास सोडायचा.

त्यांची नजर मंदावली होती. बायको दर श्रावणात माहेरी मदतीला जायची. ती म्हणायची, बाबांनी आता थांबावं.

"नजरेला काय झालेलं नाय, जावईबापू," सासरे मला म्हणाले. "उजेड नाय. उजेड द्या, औंदाचे चाळीस मीच काढतो. नाय जमलं तर कुंचला खाली ठेवीन."

मी तेव्हा रोह्याला कंपनीत फिटर होतो. रजा टाकली, भंगारातून जीपचा डायनामो उचलला आणि घरामागच्या ओहोळावर सागाच्या फळ्यांचं चाक बसवलं. चाकावरून पट्टा डायनामोला, तिथून वायर पडवीत, टोकाला जीपच्याच दिव्याचा बल्ब. तो पेटला तेव्हा मी कमरेत वाकून तिन्ही दिशांना नमस्कार केला. टाळ्या एकट्या बायकोने वाजवल्या. दोनच.

बॅटरी मात्र मी जोडली नव्हती. त्यामुळे ओहोळ वाहील तसा उजेड. पाण्याचा लोंढा आला की बल्ब पांढरा, ओसरला की तांबूस. त्या उजेडात भिंतीकडे तोंड केलेल्या चाळीस पाठी फुगायच्या आणि बसायच्या, गाढ झोपलेल्या माणसांसारख्या. ही गंमत दाखवायला मी बायकोला बोलावलं. तिने पाहिलं, पदर घट्ट ओढला आणि आत निघून गेली.

तिसऱ्या दिवशी मला दुसरी गोष्ट दिसली. बल्ब मंदावला की सासऱ्यांचा श्वास थांबायचा. उजळला की सुटायचा. हातात कुंचला नसतानाही. पान चघळताना, गुडघे चोळतानाही.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. बल्ब उजळला, तेव्हा म्हणाले, "मला काय होतंय?"

मी हसलो. हसू पुरतं टिकलं नाही.

सातव्या दिवशी भरदुपारी आभाळ काळं झालं. समोर मूर्ती, कुंचला टेकलेला, आणि बल्ब मंदावत गेला. तांबडा झाला. मग आतली तार तेवढी निखाऱ्यासारखी दिसू लागली. सासरे थांबले. मी मनात आकडे मोजू लागलो. वीस. तीस. त्यांच्या मानेची शीर ताठली.

"बाबा, श्वास घ्या!" बायको आतून ओरडली.

बल्ब विझला. मी त्यांचे खांदे धरून गदागदा हलवले, तेव्हा कुठे बुडत्या माणसाने वर यावं तशी त्यांनी हवा ओढली.

मी धावत ओहोळावर गेलो. चाक अडलं होतं. दोन फळ्यांच्या मधोमध एक चेहरा होता.

मी किंचाळलो, हे लपवत नाही. चेहरा गणपतीचा होता. गेल्या वर्षी वरच्या डोहात विसर्जन केलेला, प्लास्टरचा, म्हणून विरघळलाच नव्हता. सोंड तुटलेली, रंग धुऊन गेलेला. डोळे तेवढे ऑइलपेंटचे, कालच काढल्यासारखे ताजे. मी डावीकडे सरकलो, ते पाहत होते. उजवीकडे सरकलो, तरी पाहतच होते.

तो ओढून काढला, तसं चाक फिरू लागलं. चेहरा छातीशी धरून मी पायरीपर्यंत आलो.

"आत आणू नका," सासरे म्हणाले. "बोळवलेला देव उलटा उंबरा चढत नाय."

ते स्वतःच पावसात उतरले. अंगठा डाव्या डोळ्याच्या रेषेवरून फिरवला, मग उजव्या.

"हे मी काढलेले नाय."

माझ्या पाठीवरून गार काहीतरी उतरलं, आणि तो पाऊस नव्हता. "अहो, गावातल्या सगळ्या मूर्ती तुमच्याच पडवीतून जातात."

"मूर्ती माझ्याच पडवीतली हाय. डोळे माझे नायत. कुणी काढले?"

हे त्यांनी ओहोळाकडे बघून विचारलं. उत्तर दारातून आलं.

"मी," बायको म्हणाली. "तुम्ही जेवून पडायचात, तेव्हा रॉकेलच्या बोळ्याने पुसून पुन्हा काढायचे."

"किती?"

"सगळे."

"आणि औंदा?"

तिने हातातला रॉकेलचा बोळा पदराआड केला. सहा वर्षांचा संसार, आणि मलाही पत्ता नव्हता!

मागे पडवीत बल्ब लहान होत होता, मोठा होत होता. सासऱ्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते त्या रेषेवरून अंगठा फिरवत राहिले.

"श्वास कुठे रोखतेस गो?"

"रोखत नाय, बाबा. सोडत सोडत काढते."

"व्हय? तरीच खालची पापणी सैल पडते."

तो चेहरा चाकाच्या खालच्या अंगाला सोडायला त्यांनी माझ्याकडे दिला. मग आत जाऊन तिच्यासाठी पाट सरकवला आणि अर्ध्या डोळ्याची ती मूर्ती तिच्याकडे वळवून ठेवली.