कोपऱ्यातलं बटण

आमच्या अण्णांनी उभ्या आयुष्यात कीबोर्डकडे पाहून टाईप केलं नाही आणि दुसऱ्या कुणाला करूही दिलं नाही. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा टायपिंगचा क्लास होता. माढ्याची, टेंभुर्णीची पोरं पहिल्या एसटीने येऊन सकाळच्या बॅचला बसायची. कुणाची मान खाली गेली की अण्णा त्याच्या हातांवर वर्तमानपत्र पसरायचे. ते माझे वडील, पण मला काही सवलत नव्हती, नववीत असताना मीही त्या वर्तमानपत्राखालीच शिकले. पुढे परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हा अण्णांनी टाईपरायटरची मशिनं काढून कॉम्प्युटर आणले, पण नियम तोच राहिला. नजर मजकुरावर ठेवायची, बोटं आपली आपण जातात.

संध्याकाळी क्लास सुटला की एकेक मशिन ते स्वतः पुसायचे आणि त्यावर रेक्झिनचं कव्हर घालायचे. कुणी मदतीला आलं तर हातानेच बाजूला करायचे. बंद करायचं काम त्यांचं.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, क्लास बंद पडला. डोकं शाबूत, पण बोललेलं कुणाला कळेना. कळत नाही हे मात्र त्यांना कळायचं, म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं. आई आधीच गेलेली आणि मी एकुलती एक. पुण्याहून थोड्या दिवसांची रजा काढून आले ती राहिलेच. ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली. मी मागच्या खोलीत, अण्णा पुढच्या खोलीत, मध्ये स्वयंपाकघर. त्यांची उठबस, आंघोळ, जेवण बघायला एक मावशी ठेवल्या. त्या मूळच्या वळसंगच्या, आता आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात.

अण्णांचा वेळ जाईना म्हणून मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी डाव्या हाताने टाईप करायला सुरुवात केली, तेही खाली न बघता. एका हाताने टायपिंग कसं शिकावं याचे धडे ते लिहीत होते. धडा पहिला, धडा दुसरा, अगदी क्लाससारखं. घरात विद्यार्थी एकच होता आणि शिक्षकही तोच.

खोडायचं बटण उजवीकडे वरच्या कोपऱ्यात. अण्णांचा डावा हात सगळा कीबोर्ड ओलांडून तिकडे जायचा, अंदाजानेच. या लॅपटॉपला त्याच कोपऱ्यात, जरा वर, बंद करायचं बटणही आहे. एक अक्षर खोडायला जावं आणि अख्खं मशिन बंद व्हायला लागावं. मजकूर जपून ठेवलेला नाही, तरी बंद करू का, असं पडद्यावर यायचं. मी धावत पोचेपर्यंत अण्णा चिडून एंटर मारायचे आणि धडा जायचा. मी एकदाच म्हणाले की कोपऱ्यात जाताना जरा खाली बघत जा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा नववीत गेले.

मग मी माझी हुशारी वापरली. सेटिंगमध्ये जाऊन बंद करायच्या बटणाला 'काहीही करू नका' असं लावून टाकलं. आणखी एक केलं. क्लासमधली टेबलावरची घंटा अजून घरात होती. तिचा आवाज मोबाईलवर टिपला, लॅपटॉपमध्ये टाकला आणि त्याला एफ-नाईनचा शॉर्टकट दिला. स्पीकरची वायर स्वयंपाकघरापर्यंत आणली. काही लागलं की अण्णांनी ते एक बटण दाबायचं आणि मी हजर. हे सगळं त्यांच्या शेजारी बसून, दाखवत दाखवत केलं. मला वाटलं, किती छान सोय झाली.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार असं म्हणतात. मी ती हौसेने स्वतःच्या गळ्यात बांधून घेतली होती.

पाणी म्हणून घंटा. पंखा कमी म्हणून घंटा, खिडकीत कबुतर बसलं म्हणून घंटा. मावशी तिथंच बसलेल्या असायच्या, पण घंटा वाजली की मीच उठायची, आणि मावशी उठल्या तर त्यांना मीच खाली बसवायची. मीटिंग चालू असताना वाजली की पुण्याचे लोक विचारायचे, तुमच्या घरात देऊळ आहे का. मी हसायची आणि आवाज बंद करून धावायची. उन्हाळा लागला तशी घराबाहेर पडायची सोयही राहिली नाही. आणि संध्याकाळची घंटा तर ठरलेलीच. अण्णांना लॅपटॉप बंद करायचा असायचा. आधी ते कोपऱ्यातलं बटण दाबून बघायचे, काही होत नाही म्हटल्यावर मला बोलवायचे. मी येऊन बंद करून द्यायची. कव्हर तेवढं ते घालायचे, माझ्याकडे न बघता.

अशात ऑफिसने सांगितलं की पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी पुण्यात हजर व्हायचं. मी अण्णांना बोलले नाही. राजीनामा द्यायचा हे मनात धरलं होतं आणि देववतही नव्हता. माझ्या कमाईची, स्वतःच्या पायांवर उभं राहायची तेवढी एकच जागा होती. मला अण्णांचा राग यायचा, मग त्या रागाचा राग यायचा. घंटा वाजली की दात आवळले जायचे आणि वाजली नाही तर जीव खालीवर व्हायचा. घराला दारं होती, ती उघडीच असायची, पण मी अडकले होते.

मावशींना मात्र मी सांगितलं. त्या स्वयंपाकघरात शेंगा फोडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "तुमी जावा की पुण्याला. मी हाय हितं. राच्चं बी ऱ्हाते, माझं घरी कोन हाय वाट बघायला."

मी म्हणाले, अण्णांना माझ्याशिवाय जमत नाही.

"जमतंय का न्हाय ते त्यास्नी इच्यारलंय व्हय तुमी?" एवढंच बोलून त्या पुन्हा शेंगांना लागल्या.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी एका दुपारी घंटाच वाजली नाही. एक मीटिंग झाली, दुसरी झाली. घर गप्प. हेडफोन तसाच टाकून मी पुढच्या खोलीकडे पळाले.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. पाण्याचा तांब्या जवळ होता, पंखा हवा तसा होता. मावशी खाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी काही न विचारता एफ-नाईन दाबलं. आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. अण्णांनी माझा हात बाजूला केला, पडद्याकडे बोट केलं. मोठ्या अक्षरांत टाईप केलेलं होतं.

"घंटा मी काढली. पुण्याला जा. भिंतीतून सगळं ऐकू येतं. कोपऱ्यातलं बटण परत दे."

शॉर्टकट काढायचा तर त्याच्या चौकटीत जाऊन खोडायचं बटण दाबावं लागतं. म्हणजे हात त्या कोपऱ्यात गेलाच असणार. मी लावताना त्यांनी सगळं नीट पाहून ठेवलं होतं.

मी विचारलं, "आणि परत धडा गेला तर?"

त्यांनी समोर बघतच टाईप केलं, "परत लिहीन. ती माझी चूक असेल."

मी सेटिंग उघडलं. 'काहीही करू नका' वर माझं बोट जरा वेळ थांबलं. मग ते 'बंद करा' वर नेलं आणि जपून ठेवलं.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला मी आपण होऊन त्यांच्या खोलीत गेले. अण्णांनी डाव्या हाताने मला दार दाखवलं. मावशींनाही दाखवलं. आम्ही दोघी बाहेर येऊन उभ्या राहिलो. आत बराच वेळ काही नाही. मग लॅपटॉपची बारीक घरघर थांबली. त्यानंतर रेक्झिन ओढल्याचा आवाज आला, अडकत अडकत, एका हाताचा. मी दोनदा पुढे झाले आणि दोनदा मावशींनी माझा दंड धरला.

"केलं बगा बंद," त्या हळूच म्हणाल्या.

मला रडू फुटलं. त्यात सुटल्याचं होतं आणि हाकलून दिल्याचंही होतं, कुठलं किती ते मला अजून कळलेलं नाही. डोळे पुसून मी आत जायला पाऊल उचललं आणि उंबऱ्यावर थांबले. मला कुणी बोलावलं नव्हतं.