चॅम्पियनचा खुराक

हलगी! आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या फडावर ती कडाडायची. लहानपणी तो आवाज कानात शिरला तो अजून तिथेच बसलाय. या वयातही कुणाच्या वरातीत हलगी वाजली की माझे दंड फुगायला बघतात. फुगत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

माझी जी फजिती झाली ना, तिचं मूळ त्या हलगीत आहे. शाळेत मी कसाबसा चौथीपर्यंत गेलो. बाकीचं शिकलो ते त्या फडावर. तिथे एकच धडा होता: चॅम्पियन व्हायचं तर खुराक पाहिजे. यात माझं काही चुकलं का? तुम्हीच सांगा!

ठाकुर्लीला आमच्या दारासमोर शोभा राहते. नौपाड्यातल्या एका दवाखान्यात आया आहे. तिचा मुलगा संदेश रेसकोर्सवर जॉकी. हाडं मोजून घ्यावीत असा बारका, पण घोड्यावर बसला की वारा. मोसमभर सगळ्यात जास्त शर्यती जो जिंकेल तो चॅम्पियन जॉकी, आणि यंदा संदेश सगळ्यांच्या पुढे होता. चॅम्पियन झाला की मोठमोठ्या मालकांचे घोडे त्याला मिळणार, शोभाची दवाखान्यातली पायपीट थांबणार. आम्ही सगळे त्याच आशेवर होतो.

सगळे म्हणजे सुर्वे सोडून. हा सुर्वे माझा दोस्त. सकाळपासून दिनूच्या सलूनमध्ये पेपर वाचत बसतो आणि केसांना डांबरासारखा काळा कलप लावतो.

"तात्या, तुमचा तो शेंगदाणा कसला चॅम्पियन होतोय!" तो म्हणाला. "चॅम्पियन होणार तो पुण्याचा जॉकी, लिहून घ्या."

मी सहसा बोलत नाही. बोललो तरी इतका सावकाश बोलतो की माझं वाक्य संपेपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. पण शेंगदाणा? शोभाच्या पोराला?

"पैज," मी म्हणालो.

"कसली?"

"संदेश हरला तर मी मिशी काढतो. जिंकला तर तुझा कलप बंद."

दिनूच्या हातातली कात्री थांबली. अहो, माझी मिशी म्हणजे साधी मिशी नव्हे! जेवण झालं की तुपाचं बोट तिच्यावरून फिरवायचं, ही माझी जन्माची सवय. संदेश लहानपणापासून ते बघून हसायचा.

सुर्वेने आरशात आपले केस एकदा डोळे भरून पाहिले आणि म्हणाला, "चालेल."

आणि नेमका संदेश घोड्यावरून पडला! खांद्याला मार, हात झोळीत, पंधरा दिवस घरी विश्रांती. तिकडे पुण्याचा एकेक शर्यत जिंकत जवळ यायला लागला.

शोभा सकाळी कामाला जाताना माझ्याकडे डबा द्यायची. "तात्या, दुपारी गरम करून द्या हो त्याला."

मी डबा उघडला. दोन फुलके, उकडलेला दुधी आणि पाण्यासारखं ताक! मला भरूनच आलं. चॅम्पियन व्हायला निघालेल्या माणसाचं हे जेवण? आमच्या गावात टकरीच्या बोकडालासुद्धा याहून जास्त घालायचे! बिचारीला परवडत नसेल, आणि तोंडाने कशाला सांगेल?

लेकीने गावाहून तुपाची बरणी पाठवलेली, ती काढली. फुलक्याच्या आत तूप, बाहेर तूप. दुधीत लोणी. ताक ओतून दिलं आणि म्हशीचं दही साईसकट घुसळलं.

"तात्या, हे ताक घट्ट का लागतंय?"

"उन्हाळा आहे," मी म्हणालो. सुचलं ते बोललो.

चार दिवसांनी बघतो तर संदेश काट्यावर उभा, तोंड एवढंसं.

"वजनाचं टेन्शन आलंय, तात्या."

"मला दिसतंय ना, बाळा," मी म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी तूप वाढवलं.

त्याने एक फुलका कमी केला. मी उरलेल्या फुलक्यात बदाम कुटून घातले. त्याने दुधी सोडला, मी ताकात खवा कालवला. मग तो भर दुपारी रेनकोट घालून गच्चीवर धावायला लागला. थेंब नाही पावसाचा! घामाने निथळत खाली आला. मला वाटलं, अशक्तपणाने ताप भरला. गपचूप डिंकाचे लाडू भरडून ताकात टाकले.

"तात्या, ताकात हे काय?"

"जिरं."

शेवटच्या आठवड्यात तो पुन्हा घोड्यावर बसला. मोसमाचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा दोघांच्या शर्यती सारख्या. शेवटच्या शर्यतीत संदेशला सगळ्यात वेगवान घोडा मिळालेला. आम्ही दिनूच्या सलूनमध्ये फोनभोवती जमलो. मी मिशीला पीळ दिला. सुर्वे टोपी घालून आलेला, घाबरून.

तेवढ्यात दिनू म्हणाला, "अरे! संदेश नाही बसणार. जॉकी बदलला. त्या घोड्यावर पुण्याचा बसतोय!"

"का म्हणून?" मी ओरडलो. हो, मी! सावकाश नाही, एकदम!

"वजन जास्त भरलं त्याचं."

"मग चांगलंय की!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुर्वे म्हणाला, "तात्या, घोड्याने किती भार घ्यायचा ते आधीच ठरलेलं असतं. जॉकी हलका लागतो. म्हणून तर ती पोरं उपाशी राहतात."

"हा कुठला न्याय? पोटभर जेवल्याची शिक्षा?" मी पेटलो. "तो घोडा एवढा मोठा, त्याला कोणी काट्यावर चढवतं का? आणि दोन फुलके खाणारं पोर जड होईलच कसं? बरणीभर तूप मी स्वतः खाऊ घातलंय त्याला! बदाम घातलेत! डिंक घातलाय!"

फोनवर घोडे सुटल्याचा आवाज आला. कोण जिंकला ते मी सांगत नाही.

सुर्वेने टोपी काढून खुंटीला लावली. "दिनू," तो म्हणाला, "साबण लाव."

आता मला सांगा, पैज लावताना एकाने तरी मला हे सांगायला नको होतं? तोंडाला साबण असेपर्यंत मी हेच विचारत होतो. दिनू म्हणाला, "तात्या, बोलू नका, कापेल."

आमच्या गल्लीत बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. संध्याकाळी संदेश जिना चढून आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. मी दारात उभा होतो. रिकाम्या हाताने उभं राहणं मला जमत नाही, म्हणून शिऱ्याची वाटी घेऊन उभा होतो.

"बाळा," मी म्हणालो, "आता तर मोसम संपला ना?"

त्याने माझ्या उघड्या ओठाकडे पाहिलं. वाटीकडे पाहिलं. शिऱ्याच्या कडेला तुपाचं तळं साचलेलं. त्याने त्यात एक बोट बुडवलं, जिथे माझी मिशी असायची तिथून ते या गालापासून त्या गालापर्यंत नीट फिरवलं, आणि समोर आपल्या घरात निघून गेला.