नाव काय तुझं?

माझी लेक दोन वर्षं बॉक्सिंग शिकतेय. डोक्याला ठोसा बसला की तिचे सर खेळ थांबवून विचारतात, "नाव काय तुझं?" उत्तर चटकन आलं, तरच पुढे खेळू देतात. सर एकेकाळचे नावाजलेले व्यावसायिक बॉक्सर. त्यांचा भिंतीवरचा विजयी फोटो बघूनच लेकीने ग्लोव्ह्ज मागितले होते.

आज सराव सुरूही झाला नव्हता. तिच्या हाताला पट्टी गुंडाळता गुंडाळता सर थांबले. तिच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "नाव काय तुझं?"

लेक हसली. "सर, अजून ठोसा कुठे बसलाय?"

मी भिंतीवरच्या सरांच्या फोटोकडे पाहिलं. किती वर्षांपूर्वीचे ठोसे असे आत्ता पोचत असतील?

अर्धवट पट्टी हातात धरून सर अजून उत्तराची वाट बघत होते.