सरांच्या नावाची टाचणी

शेख सरांची आणि माझी पहिली भेट बीडच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत झाली, आणि पहिल्याच भेटीत मी बोलणी खाल्ली. चतुर या किड्याची बारीक, नाजूक बहीण म्हणजे टाचणी. तळ्यावर धरलेली अशी एक टाचणी मी त्यांच्यापुढे ठेवली आणि रंगावरून नाव सांगून मोकळी झाले. सरांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं भिंग सरांनी डोळ्याला लावलं.

"मेल्यावर रंग उतरतो, बेटा. शेपटाची चिमटी बघ. वरून, बाजूनं, खालून. हातानं चित्र काढ, मग नाव घे."

टाचणीचा नर या चिमटीनं मादीची मान धरतो आणि तिच्या आकारावरून जात ओळखतात. त्या दिवशी सरांनी माझ्याकडून अकरा वेळा चित्र काढून घेतलं. मी मनातल्या मनात खूप चरफडले.

गावी, तलवाड्याला, माझ्या वडिलांना हे पसंत नव्हतं. "पोरगी पाण्यात किडे धरत हिंडती, लोक काय म्हणतील?" सर एसटीनं आमच्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "लोकांचं सोडा. तुमच्या पोरीची नजर माझ्यापेक्षा चांगली हाय. अडवू नका." वडिलांनी अडवलं नाही. म्हणून मी पुढे ब्राझीलपर्यंत पोचले.

तिथल्या एका ओढ्यावर मला निळ्या टाचणीचे पाच नर मिळाले. तिच्यासारख्याच, आधीच नोंदलेल्या एका जातीत चिमटीला आतून एक दात असतो. या पाचांत तो दिसेना. म्हणजे जात नवी. मला धीर कुठला? निबंध लिहिला, जातीला सरांचं नाव दिलं आणि त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात ते जाहीर करायचं ठरवलं. फक्त फोटो आधी सरांना पाठवले आणि तिथंच फसले.

सकाळची नमाज झाली की सरांचा फोन. "दात कावून न्हाई?" दुपारी परत. "फोटो तिरपा हाय का?" चार दिवस हेच. शेवटी मी वैतागले. "सर, नाव तुमचंच आहे. जरा आनंद तरी माना."

"माझं हाय म्हणूनच जीव थाऱ्यावर न्हाई. दुसऱ्याचं नाव असतं तर मी सोडलं असतं का तुला? हातानं काढलंस?"

काढलं नव्हतं. पाचही नर एकाच कोनात ठेवून फोटो घेतले होते. चिडून एकाला भिंगाखाली फिरवलं, पेन्सिल घेतली आणि हात थांबला. दात होता. तिरप्या कोनात तो आड गेला होता. बाकीच्या चौघांतही तो निघाला.

निबंध मागे घेतला. फोनवर मला रडू आवरेना. सर म्हणाले, "लई चांगलं झालं. आता मला झोप लागंल. ते चित्र पाठव." ते चित्र आता त्यांच्या टेबलासमोर भिंतीला लावलेलं आहे.

म्हणून या ग्रंथात नव्या जातीच्या जागी हा साधा लेख आहे. याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं. छापायला देण्याआधी तो सरांना वाचायला पाठवला, तर सकाळी फोन आलाच.

"अकरा न्हाई, नऊ वेळा काढलं होतंस. नऊही कागद माझ्याकडं हायत."

वरचा आकडा मी तसाच ठेवला आहे. मी कशी चुकते ते सर्वांना दिसू दे. सर, तुमची तब्येत ठणठणीत राहो, नजर अशीच राहो आणि मला टोकायला तुम्ही शंभरी पार करा.