बटनवाली बाई

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी तारेतला बिघाड शोधला. नवराबायकोने मिळून केलेलं ते शेवटचं काम. ती बटन दाबून धरून जमिनीवर एकेक पाऊल टाकत होती आणि मी कॅमेऱ्याला कान लावून उभा होतो.

"बोलला का भुंगा?"

"नाई."

"आता?"

"नाई. बटन सोडून तं नाई राह्यली तू?"

"बोट दुखून राह्यलं माह्यं, अन् म्हने सोडलं का."

भुंगा म्हणजे कॅमेऱ्याची मोटर. जंगलात जनावरांचे फोटो काढायचा नाद असलेल्या एका साहेबाचा तो कॅमेरा. देश सोडून जाताना त्याने तो मला दिला. चावी भरून ठेवली की प्रत्येक फोटोनंतर आतली स्प्रिंग फिल्म आपोआप पुढे ओढायची, आणि खर्र असा आवाज यायचा. साहेब झाडावर बसून लांबच्या पाणवठ्यावरचा फोटो काढायचा, म्हणून कॅमेऱ्याला लांब दुहेरी तार होती. एका टोकाला बटन, मध्ये बॅटरी, दुसऱ्या टोकाला चुंबकाची डबी. बटन दाबलं की डबीतला खिळा कॅमेऱ्याचा खटका दाबायचा. देवळीत माझं फोटोचं दुकान, म्हणजे घराची पुढची खोलीच. मला कुठं झाडावर बसायचं होतं. पण त्या तारेवरच माझं दुकान चाललं.

आमच्याकडच्या बाया परक्या पुरुषासमोर मान वर करत नव्हत्या. फोटोत नुसता पदर यायचा. तेव्हा मी कॅमेरा लावून, चावी भरून ओट्यावर जाऊन बसायचो, आणि आत माझी बायको बटन घेऊन त्यांच्यासमोर बसायची. गावाने तिला बटनवाली बाई करून टाकलं. मला लोक बटनवालीचा नवरा म्हणत. खोटं काही नव्हतं त्यात.

बटन ती पदराखाली धरायची. समोरच्या बाईला कळायचंच नाही. कापूस किती निघाला, सासू कशी आहे, लुगडं कुठून घेतलं, असं काहीबाही विचारत राहायची. बाई बोलायला लागली, हात हलवायला लागली, की खर्र. बाई दचकून म्हणायची, "आवं, काढला का? मी तं बसलीच नाई नीट." ही म्हणायची, "नीट बसली असती तं काढला नसता." मी एकदा म्हटलं, अगोदर सांगत जा, लोकांना तयार होता येतं. तर म्हणे, "सांगतलं का मानूस मेल्यावानी बसते. मंग काय तुमी काढला, काय मी काढला." मी चौथी शिकलेला माणूस. ती तेवढीही नव्हती. पण तिचे फोटो आणि माझे फोटो शेजारी ठेवले तर कोणीही ओळखेल.

पोरं आम्हाला झाली, राहिली नाहीत. त्यावर ती बोलत नव्हती. मात्र कोणाची लेकुरवाळी फोटोला आली की बाळाचा फोटो ती जास्तीचा काढायची. मी फिल्मच्या नावाने ओरडायचो. ती म्हणायची, "मोठं होते का नाई कोन सांगते? असू द्या एक." अशी तोंडावर बोलायची. लोकांना राग यायचा. मग कधी त्यातलंच कोणी डोळे पुसत यायचं, म्हणायचं, "थो फोटो हाय का अजून?" बाळंतपणात गेलेल्या कितीतरी बाया आज त्यांच्या घरच्या भिंतीवर आहेत, त्या हिच्या बोटाने. तिचा स्वतःचा फोटो माझ्याकडे आहे. चांगला नाही. त्या वेळी बटन मी दाबलं होतं.

तार जमिनीत पुरली तिनेच. पोटुशी बाई तार ओलांडायची नाही, दारातच थांबायची. म्हातारीकोतारी पाय अडकून पडायची. एक दिवस मी वर्ध्याला गेलो होतो, आलो तर तार गायब. ती बसायची त्या खिडकीपासून कॅमेऱ्यापर्यंत तिने नाली खणून तार घातली होती आणि वरून सारवून टाकलं होतं. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "तारीले पानी चालत नाई, येडे. तू दर आठ दिवसाले शेन लावशीन, सडन थे." ती म्हणाली, "सडन तवा काढू. आज तं बाया घरात येऊन राह्यल्या न." बाया खरंच येऊ लागल्या.

तर सडली. त्या सकाळी अल्लीपूरची एक बाई मुलीला घेऊन आली. मुलीला स्थळ आलेलं, मुलाकडच्यांना फोटो पाहिजे होता. हिने बटन दाबलं, काही नाही. परत दाबलं, काही नाही. त्या दोघींना गावातल्या त्यांच्या नातेवाइकांकडे पाठवलं आणि आम्ही लागलो. बॅटरीला जीभ लावली, चुरचुरली, म्हणजे बॅटरी ठीक. बटन उघडून आतल्या पट्ट्या चाकूने जोडल्या, तरी नाही. डबी सोडवून थेट बॅटरीला लावली, तर खटका पडला. म्हणजे दोष तारेत, आणि तार जमिनीत. मग ती चालायला लागली. खिडकीजवळ तिचा पाय पडला आणि भुंगा बोलला. तिथं दाबलं की तुटलेली टोकं एकमेकांना भिडत होती. ती पाय उचलायची, ठेवायची, खर्र, पुन्हा खर्र.

"अवं, फिल्म चालली."

"जाऊ द्या. पायानं फोटो कवा काढू मी?"

पोटभर हसली. मी खुरपी आणली, तर आडवी आली. खोली तिने पहाटेच सारवली होती. "आज नोका खंदू. वली हाय, लिपडं होईन. वाळू द्या, सकाळी खंदजा." आणि शेजारच्या सिंधूवहिनींच्या हाती अल्लीपूरच्या बाईला निरोप धाडला, सकाळी पोरीले घेऊन येजो.

दुपारी भाकरी थापताना म्हणाली, छाती दाबल्यासारखी वाटते. भिंतीला टेकून बसली. मी पाणी आणायला उठलो, तेवढ्यात गेली.

घरात दुसरी मोठी खोली नव्हती. कॅमेरा बाजूला सरकवला आणि तिला पुढच्या खोलीतच ठेवलं. गाव लोटलं. सगळ्या बाया आल्या. दिवस बुडायच्या आत उचललं. माझ्या हातात मडकं होतं. मागे वळून पाहायचं नसतं. मी वळलो, कारण सिंधूवहिनी शेणाची बादली घेऊन दारात आल्या होत्या.

"वहिनी, पुढच्या खोलीत शेन नाई लावायचं."

"भाऊजी, मयत होतं तिथं. लावाच लागते."

"नाई लावायचं म्हनलं न."

"लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू द्या."

कोणीतरी माझा खांदा धरून मला पुढे ढकललं. नदीवरून आलो तेव्हा वहिनींनी दिवा लावून ठेवला होता. बादली तशीच भरलेली, ओट्यावर. मी खोलीत पाहिलं. तिचं सारवण उरलं कुठं होतं? ओल्या जमिनीवर गावाचे पाय उमटले होते. भिंतीच्या कडेला तेवढे तिच्या बोटांचे अर्धगोल शाबूत होते, एकाला एक लागून. मी त्या भिंतीजवळ बसून राहिलो.

सकाळी अल्लीपूरची बाई आली. पोरगी तिच्या मागे, मान खाली. बाई म्हणाली, "आमी जातो दादा. फोटोचं पाहू मंग कवा."

"मुलाकडचे थांबतीन का?"

तिने मागे वळून पोरीकडे पाहिलं.

"बसा ओट्यावर," मी म्हटलं.

सुतकात धंदा करत नसतात. ते मला माहीत आहे. भिंतीकडच्या त्या बोटांचा फोटो काढावा, असंही मनात आलं. काढला नाही. खुरपी घेतली आणि खिडकीजवळची जमीन खणली. तारेवरचं कापड कुजून काळं पडलं होतं, आतलं तांबं हिरवं होऊन तुटलं होतं. टोकं खरवडली, पीळ दिला, चिंधी गुंडाळून वर मेण लावलं. बटन पोरीच्या आईच्या हाती दिलं, कसं दाबायचं ते दाखवलं आणि बाहेर गेलो. फोटो निघाला. त्या दोघी मोटारीच्या वेळेला निघून गेल्या.

मग सिंधूवहिनींच्या दारात गेलो. त्या चुलीपुढे होत्या. म्हटलं, "वहिनी, शेन लावून द्या."

त्या उठल्या. आमच्या ओट्यावरची बादली उचलून आत आल्या. मी तार नालीत दाबून धरली, वरून माती लोटली, आणि त्या सारवत आल्या. खोली होत आली तसा त्यांचा हात थांबला.

"भिंतीपावतर लावू का, भाऊजी?"

"लावा," मी म्हटलं.