एका हाताचे शॉर्टकट

चाकणच्या ज्या कंपनीत मी मशीनवर लावायच्या कामाच्या सूचना लिहिते, तिथे एक दिवस पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमधले एक भाऊ माझ्या शेजारच्या टेबलावर बसायला आले. मूळचे लातूरकडचे, राहायला थेरगावात. प्रेसखाली त्यांचा डावा हात मनगटापासून गेला होता. मॅनेजर म्हणाले, "यांना टायपिंग शिकवा."

टायपिंग ते शिकले. सावकाश, पण चुका कमी. अडायचं ते शॉर्टकटपाशी. आमच्या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल सेव्ह करायची, ओळ कॉपी करायची, तर दोन-तीन बटणं एकदम दाबावी लागतात. अंगठ्याने कंट्रोल धरून ते बाकीची बोटं ताणत राहायचे. दुपारपर्यंत हात दुखून यायचा.

मी कॉम्प्युटरमधली एक सोय सुरू करून दिली. "आता एकेक बटण दाबा. कंट्रोल सोडला तरी तो दाबलेलाच राहतो."

त्यांनी करून पाहिलं. मग हात मांडीवर घेतला.

"हे बंद करा, मॅडम."

"का? चालतंय की."

"प्रेसलाबी दोन बटणं होती. दोन्ही हात बटणावर असले तरच ती खाली यायची. काम लवकर उरकावं म्हणून एक बटण चिकटपट्टीनं बांधलेलं. दाबलेलंच राहायचं ते."

मी ती सोय बंद केली.

मग कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या एफ-वन, एफ-टू अशा एकेका बटणाला एकेक काम लावून दिलं. बाकी सगळी चालली, सेव्हचं तेवढं चालेना. एडिटरच्या शॉर्टकटच्या यादीत पाहिलं, तर स्पेलिंग तपासणाऱ्या ॲड-ऑननेही तेच बटण घेतलेलं. त्याचं काढलं, तरी फाइल सेव्ह होईना. म्हणजे बटण एडिटरपर्यंत पोचतच नव्हतं, मधेच कुणीतरी उचलत होतं. मी मागे चालू असलेले प्रोग्रॅम एकेक करून बंद करत गेले. शेवटी स्क्रीनचा फोटो काढणारा प्रोग्रॅम सापडला. त्याचं बटण बदललं आणि सेव्ह झालं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्यांनी तीच फाइल पुन्हा पुन्हा सेव्ह केली. हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. "बरं झालं," एवढंच म्हणाले.

पावसाळा संपेपर्यंत त्यांचं काम बरं चाललं होतं. मग सूचना लिहायचं काम एका वेबसाइटवर गेलं. तिथे तीच बटणं ब्राउझरची होती. एक दाबलं की पान नव्याने उघडायचं आणि लिहिलेलं पुसलं जायचं. मी सेटिंग शोधली, आयटीवाल्यांना विचारलं. "सगळ्यांना एकच सिस्टिम आहे, मॅडम. एकासाठी बदलता येत नाही."

दोन वेळा त्यांचं अख्खं पान गेलं. तिसऱ्या वेळी ते खुर्ची मागे सारून उठले आणि मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले.

"गेटवरचं काम मागून घेतलं," परत आल्यावर म्हणाले. "तिथं टायपिंग न्हाई."

मी म्हटलं, "थांबा थोडं, काहीतरी मार्ग काढू."

"तुमी लई केलं, ताई. मलाच आता नको वाटतंय."

आता पुनावळ्याहून येणारी आमची बस आत शिरते तेव्हा ते गेटचा दांडा वर करतात. खिडकीतून मी हात करते. कधी त्यांचं लक्ष असतं, कधी नसतं.