कोळंबीचं कवच, दगडीपाला आणि आम्ही

संशोधनातून औषध निघेल की नाही, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. किस्से मात्र हमखास निघतात! पानांचा अर्क गाळला की फडक्यात चोथा उरतो ना, तसे हे किस्से माझ्याकडे उरलेत. अर्क सगळा प्रबंधात गेला.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भोरच्या एका फार्मसी कॉलेजात आम्ही तिघं जखमेवर लावायची पट्टी बनवत होतो. कोळंबीच्या कवचापासून कायटोसॅन नावाचा पदार्थ निघतो, त्याचा पातळ पापुद्रा करायचा आणि त्यात दगडीपाल्याचा अर्क मिसळायचा. खरचटलं की बांधावरचा दगडीपाला चोळून लावतात, तोच. जखमेची सूज आणि लाली त्यानं उतरते का, एवढाच प्रश्न. पण त्या प्रश्नानं आम्हाला एका जागी बसू दिलं नाही.

तिघं म्हणजे आमचे गाईड इनामदार सर, भोरचीच शमीम आणि वेल्ह्याची मी, सुनंदा. सर सतत येरझाऱ्या घालायचे. शमीम नखं खायची. मी दर थोड्या वेळानं ओव्हन उघडून बघायची आणि दोघांच्या शिव्या खायची.

*

कवचं आणायला आम्ही दोघी महाडला गेलो. धुऊन, पोत्यात बांधून भोरच्या एसटीत चढलो. वरंधा घाट लागला, ऊन चढलं आणि पोतं बोलू लागलं!

कंडक्टर नाकाला रुमाल लावून मागं आला. "गाडीत कोण मेलंय?"

शमीम म्हणाली, "मेलेलं नाही काका, औषध आहे."

मागच्या सीटवरून एक आजी ओरडल्या, "आगं, ह्ये आवशद घेण्यापरीस मेल्यालं बरं!"

हिर्डोशीला आम्हाला पोत्यासकट उतरवलं. पुढची एसटी कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी पोत्यावर बसले, शमीम वळणापर्यंत जाऊन परत येत राहिली. शेवटी एक जीप थांबली. ड्रायव्हरनं पोतं टपावर चढवलं, हुंगलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पोरींनो, राग मानू नका. तुमीबी टपावरच बसा!"

*

मग लोडशेडिंग. पापुद्रा सुकायला ओव्हन हवा आणि ओव्हनला लाइट हवी. उन्हाळा चालू होता. सर वैतागून म्हणाले, "चला गच्चीवर!"

काचेच्या बश्यांमधले पिवळसर गोल पापुद्रे आम्ही गच्चीवर मांडले, वर पातळ मलमल टाकली. पलीकडे होस्टेलच्या मेसच्या मावशींचं वाळवण होतंच. आम्ही जेवून आलो तर दोन बश्या रिकाम्या!

सरांचा चेहरा उतरला. कितीतरी वेळा फसून शेवटी जमून आलेला पापुद्रा तो. वारा म्हणावं, तर बश्या जागच्या जागी. माकड म्हणावं, तर मलमल नीट घडी केलेली. सर तीन जिने दोनदा चढले-उतरले.

तेवढ्यात मावशी झारा हातात घेऊन वर आल्या. "सर, तुमचा पापड काय फुलंना. पीठ जुनं हाय जणू!"

*

दगडीपाला काय, कुठंही उगवतो. पण सरांचा हट्ट, की पाला एकाच जागेचा हवा, एकाच मोसमातला. म्हणून गुंजवण्याला एका पडीक तुकड्यावर आम्ही खुंट्या ठोकल्या आणि चौकोनात दोरी ताणली.

बांधावरून एक आजोबा झपाझप आले. "कुठल्या खात्याच्या?"

"खात्याच्या नाही, कॉलेजच्या."

"मागं आल्याले बी असंच गोड बोलत हुते. दोरी लावली, खुंट्या ठोकल्या, न् खालचं श्यात धरणात गेलं."

एवढं बोलून ते दोरीच्या आत येऊन मांडी घालून बसले. "मोजा आता. पर माझ्यासकट मोजा!"

माझ्या आत्याचं शेतही त्याच पाण्याखाली गेलेलं. शमीमनं खाली वाकून दगडीपाल्याचं एक रोप उपटलं आणि त्यांच्या हातात दिलं. "बाबा, आम्हाला फक्त हे हवंय. जखमेच्या औषधासाठी."

आजोबांनी रोप उलटसुलट करून पाहिलं. "ह्ये? ह्याच्यासाठी दोरी?"

मग उठले आणि स्वतःच पाला उपटायला लागले. आमची पिशवी गच्च भरली, तरी थांबेनात. घाम पुसत म्हणाले, "सगळा न्या. वरच्या अंगाचाबी न्या. पर पयली ती दोरी गुंडाळा!"

*

उंदरांवरच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा पट्टी चिकटून राहीना. उंदीर अंग झाडायचा, पट्टी खाली. सर महिनाभर झोपले नसावेत.

नेमकी तपासणीला कमिटी आली त्या दिवशी एक उंदीर पिंजऱ्यातून पळाला. आम्ही टेबलाखाली, कपाटामागं, सगळीकडे वाकून शोधतोय. आणि हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये, कमिटीपुढच्या चिवड्याच्या बशीशेजारी! पाठीवर आमची पट्टी.

प्राचार्य पांढरेफटक. सर दारात घामाघूम. कमिटीच्या प्रमुख बाईंनी चष्मा सावरला, उंदराकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "इनामदार, पट्टी काय घट्ट बसलीय हो!"

*

आणि हा शमीमच्या अब्बांचा.

अब्बा टेम्पो चालवायचे. साखरेचा आजार जुना. कापूरहोळजवळ टेम्पो तापला, रेडिएटरचं झाकण उघडताना उकळतं पाणी पायावर आलं. जखम महिना झाला तरी भरेना. कडा लाल, पाय सुजलेला. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर बोट काढावं लागेल, कदाचित पुढंही.

आमच्या फ्रीजमध्ये पट्ट्यांची चळत होती. उंदरांची सूज उतरत होती, ते आम्ही रोज बघत होतो. पण माणसांवर वापरायची परवानगी नव्हती.

शमीम घरून आली की फ्रीजपाशी जाऊन उभी राहायची. दार उघडायची, लावायची. मी एकदा हळूच म्हटलं, "एक नेलीस तर कोणाला कळणार आहे?"

"मला," ती म्हणाली. "आणि उद्या त्यांचा पाय बिघडला, तर तेही मलाच कळेल."

एक दिवस अब्बाच काठी टेकत लॅबमध्ये आले. "साहेब, तुमच्याकडं उंदीर कमी पडत असत्याल तर सांगा. म्या यायला तयार हाय."

आम्ही हसलो नाही. सरांनी स्कूटरची किल्ली घेतली आणि अब्बांना मागं बसवून पुण्याला, ओळखीच्या सर्जनकडे घेऊन गेले. मग दर खेपेला ड्रेसिंगला तेच न्यायचे. साधी गॉज, साधं सलाईन, इन्सुलिन. एक बोट गेलं. पाय राहिला.

त्या काळात शमीम माझ्याशीसुद्धा कामापुरतंच बोलायची. घरी अब्बाही तिच्याशी फारसं बोलत नव्हते म्हणे.

तिच्या प्रबंधाची तोंडी परीक्षा खुली होती. मागच्या बाकावर अब्बा येऊन बसले. बाहेरून आलेले परीक्षक कडक. तक्ते उलटून पाहिले, आलेख पाहिले, मग फाइल मिटून म्हणाले, "आकडे जरा जास्तच छान आहेत. यावर मी विश्वास का ठेवावा?"

शमीमचं नख तोंडात गेलं. सर खुर्चीतून अर्धे उठले.

त्यांच्याआधी मागच्या बाकावर काठी वाजली. अब्बा उभे राहिले होते.

"साहेब, माझा पाय सडत हुता तवा हिच्या फ्रीजमधी ही पट्टी पडून हुती. मंजुरी न्हाई म्हणून हिनं बापाला लावली न्हाई. ती तुमाला खोटे आकडे दील व्हय?"